तिघांचा डाव

पत्त्यांच्या खेळात किती जण बसतात हा दुय्यम तपशील समजला जातो. प्रत्यक्षात डावपेचांचे स्वरूप तिथेच ठरते. दोघांच्या खेळात समोरचा तो प्रतिस्पर्धी, एवढे एकच नाते असते. त्याचे नुकसान तोच आपला फायदा. चौघांच्या खेळात, मग तो मेंढीकोट असो की ब्रिज, समोरचा भिडू आणि बाजूचे दोघे विरोधी ही वाटणी पाने हातात पडण्याआधीच झालेली असते. तिघे बसले की हे सारे सैल होते. कोणी कायमचा भिडू नसतो, कोणी कायमचा वैरीही नसतो. जो पुढे असेल त्याला रोखण्यापुरते उरलेले दोघे एकत्र येतात आणि तो मागे पडला की लगेच फुटतात. ही जुळवाजुळव एक शब्दही न बोलता, नुसत्या टाकलेल्या पानांतून चालते.

खेळांच्या गणिताचा पाया घालणारा जॉन फॉन नॉयमन याला हा फरक नेमका कळला होता. १९२८ साली त्याने दोघांच्या खेळाचे मूळ प्रमेय सिद्ध केले: एकाचे जाते तेवढेच दुसऱ्याला मिळते अशा खेळात दोघांनाही आपापली सर्वांत सुरक्षित रीत गणिताने काढता येते. पुढे १९४४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्यासह लिहिलेल्या ग्रंथात तो तिघांच्या खेळाकडे वळला, तेव्हा प्रश्नच बदलून गेला. ‘कोणती चाल उत्तम?’ हे विचारण्याआधी ‘कोण कोणाच्या बाजूने जाणार?’ हे विचारावे लागले. त्याचे नक्की उत्तर गणित देत नाही. तिथून मानसशास्त्राची हद्द सुरू होते.

तळकोकण आणि उत्तर गोव्याच्या पट्ट्यात तिघांच्या खेळाचे दोन नमुने सापडतात. एक घरोघरचा, पाच-तीन-दोन. दुसरा जुना आणि आता दुर्मीळ झालेला, सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. या दोहोंच्या जोडीला एक दूरचा खेळ ठेवून पाहण्यासारखा आहे: फिलिपिन्समध्ये घरोघर आणि नाक्यानाक्यावर खेळला जाणारा टाँगिट्स. तोही तिघांचाच.

पाच-तीन-दोन

हा खेळ पोरांचा म्हणून हिणवला जातो. त्यात काही अर्थ नाही. त्याची रचना फार चोख आहे. बावन्न पानांतून एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची चारही रंगांची पाने घ्यायची, म्हणजे २८. त्यांत दोन सत्त्या मिळवायच्या. बहुतेक घरांत त्या इस्पिक आणि बदामच्या असतात. अशी ३० पाने तिघांत दहा-दहा वाटली जातात. पहिली पाच पाने पाहून एकाने हुकूम बोलायचा. त्याने पाच हात करायचे. वाटणाऱ्याने दोन, उरलेल्याने तीन. पुढच्या डावाला या जबाबदाऱ्या फिरतात. ज्याचे हात ठरल्यापेक्षा जास्त झाले तो, ज्याचे कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात पाने ओढतो: न पाहता एक पान घ्यायचे आणि आपल्याकडचे एक परत द्यायचे. परत काय द्यायचे याचे बारीक नियम घराघरांत वेगळे आहेत, पण देणारा आपले टाकाऊ पानच देऊ पाहतो हे सगळीकडे सारखे.

पाच, तीन आणि दोन यांची बेरीज दहा आणि हातही दहाच. त्यामुळे एकाचा जास्तीचा हात म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी तूट, हे अटळ आहे. आपले हात पुरे झाले म्हणून कोणी थांबत नाही, कारण पुढचा प्रत्येक हात म्हणजे येणे असते.

हुकूम बोलण्याचा निर्णय अर्ध्या माहितीवर घ्यावा लागतो आणि तिथेच कसलेला खेळाडू ओळखू येतो. समजा पहिल्या पाच पानांत इस्पिकचा एक्का, राणी आणि अठ्ठी, बदामचा राजा आणि किल्वरचा एक्का आला. इस्पिक हुकूम बोलणे साहजिक आहे. या रंगाची आणखी पाच पाने न पाहिलेल्या २५ पानांत आहेत आणि त्या २५ पैकी पाच पाने आपल्याकडे येणार आहेत. निदान एक तरी इस्पिक आणखी येण्याची शक्यता शंभरात ७१ आहे. इस्पिकचा राजा आपल्याकडे येण्याची शक्यता मात्र शंभरात २०. उरलेल्या दोघांपैकी प्रत्येकाकडे तो असण्याची ४०. नवखा खेळाडू मोठ्या पानांवर भाळतो आणि एक्का-राजा एवढ्या दोनच पानांच्या जोरावर हुकूम बोलून बसतो. तो रंग बाहेर पाच-सहा पानांचा निघाला की त्याची दोन्ही मोठी पाने खर्ची पडतात आणि पुढे दुसऱ्यांची किरकोळ हुकमाची पाने त्याच्या बाजूच्या रंगांतल्या राजांना मारतात. हुकमात लांबी आधी पाहावी, उंची नंतर.

दुसरी सार्वत्रिक चूक वाटणीच्या अंदाजाची. पाचवाल्याच्या हाती हुकमाची चार पाने आहेत आणि चार बाहेर आहेत, असे धरू. ती दोघांकडे दोन-दोन असतील, असे मन आपोआप गृहीत धरते. हिशेब वेगळे सांगतो. दोन-दोन अशी फोड शंभरात सुमारे ४२ वेळा होते. एकाकडे तीन आणि दुसऱ्याकडे एक अशी फोड ५० वेळा होते, आणि चारही पाने एकाच हाती जमण्याचे प्रकार आठ-नऊ वेळा घडतात. याउलट बाहेर दोनच पाने उरली असतील तर ती फुटलेली असण्याची शक्यता ५३, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक. चार पाने बाहेर असताना दोनदा हुकूम उतरून ‘आता सगळे साफ’ असे समजणारा खेळाडू निम्म्याहून जास्त वेळा फसतो. तो पाने मोजत नाही, न्याय्य वाटणीची अपेक्षा करतो. आणि पिसलेल्या पानांना न्यायाशी देणेघेणे नसते.

मोजणीची सोपी रीत गेलेली पाने आठवण्याची नाही. उरलेली किती, एवढेच लक्षात ठेवायचे. प्रत्येक रंगात सात किंवा आठ पाने आहेत. त्यांतून आपली वजा केली की बाहेरचा आकडा मिळतो आणि दर उतारीला तो खाली आणत जायचा. चार रंगांचे चार आकडे डोक्यात ठेवणे अवघड नाही. बहुतेक खेळाडू निदान हुकमाचा एक आकडा धरतात. दोन धरणारा घरात नाव कमावतो.

आता युतीकडे. डाव सुरू होताना पाचवाला हा दोघांचा समान शत्रू असतो. तीनवाल्याने मोठे पान टाकले आणि त्यामागून दोनवाल्याची पाळी आली, तर दोनवाला शहाणा असेल तर त्याच्यावर आणखी मोठे पान टाकत नाही. तो हात पाचवाल्याकडे गेला नाही एवढे त्याला पुरते आणि स्वतःचे मोठे पान वाचते. ही अबोल युती साधारण सहा-सात हातांपर्यंत टिकते. तीनवाल्याचे तीन हात झाले की चित्र पालटते. आता दोनवाल्याला कळते की पाचवाल्याची तूट आपल्याला मिळणार नाही, तीनवाल्याच्या खात्यावर जमा होणार आहे. मग तो पाचवाल्याला एखादा हात सोडूनही देतो. केव्हा फुटायचे, ही वेळ साधणे हे या खेळातले खरे कौशल्य. लवकर फुटणारा पाचवाल्याला तारतो, उशिरा फुटणारा तीनवाल्याला श्रीमंत करतो.

पान ओढण्याची पद्धत तर मानसशास्त्राची प्रयोगशाळाच म्हणावी. देणारा हातातली पाने पंख्यासारखी धरतो आणि एखादे पान किंचित वर सरकवून ठेवतो. ओढणारा विचार करतो: हे टाकाऊ पान माझ्या माथी मारायचे आहे म्हणून वर काढले, की मी असाच संशय घेईन म्हणून एक्काच वर ठेवला? दोघेही एकमेकांच्या विचाराच्या किती पायऱ्या खाली उतरतात त्यावर निकाल ठरतो. या पेचाला उत्तर एकच: न बघता, न ठरवता कुठलेही पान ओढणे. ज्याला स्वतःलाच आपली निवड माहीत नाही त्याला फसवता येत नाही. फॉन नॉयमनचे प्रमेय हेच सांगते, पण इथे ते पाळणारे थोडे. माणसाला पंख्यातले वर आलेले पान सोडवत नाही.

पान ओढले गेल्याचा राग हाही एक घटक आहे. मागच्या डावात ज्याने आपला एक्का नेला त्याला धडा शिकवण्यासाठी माणूस स्वतःचा हात गमावायला तयार होतो. व्हर्नर ग्यूट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली केलेल्या प्रयोगात असेच दिसले: वाटणी अन्यायाची वाटली तर लोक आपल्या वाट्याचे पैसेही नाकारतात, म्हणजे समोरच्यालाही काही मिळत नाही. दोघांच्या खेळात सूड आणि स्वार्थ एकाच दिशेने जातात. तिघांत सूडाचा फायदा तिसऱ्याला होतो, आणि मुरलेला तिसरा खेळाडू गप्प राहून तो पदरात पाडून घेतो.

टाँगिट्स

फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती. पत्त्यांना तिथे ‘बाराहा’ म्हणतात, तो शब्दही स्पॅनिशमधून आला आहे. टाँगिट्स हा मात्र फार जुना खेळ नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तिथे फोफावला. घडण रमीची आहे. बावन्न पाने, वाटणाऱ्याला १३, उरलेल्या दोघांना १२-१२. एकाच रंगाची ओळीने तीन किंवा अधिक पाने, अथवा एकाच किमतीची तीन-चार पाने, असे संच जुळवायचे. मधल्या गड्डीत १५ पाने उरतात. पहिली चाल वाटणाऱ्याची आणि ती पान न उचलता होते. म्हणजे गड्डी संपेपर्यंत एकेकाच्या वाट्याला पान उचलण्याच्या साधारण पाचच खेपा. डाव आखडता असल्यामुळे वाट पाहत बसणे परवडत नाही.

आपल्याकडच्या रमीपेक्षा यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही मनाशी खेळणाऱ्या आहेत. पहिली: संच हातात लपवून न ठेवता टेबलावर मांडता येतो आणि एकदा मांडला की कोणीही त्याला आपले पान जोडू शकतो. या जोडण्याला ‘सापाव’ म्हणतात. पान जोडल्याने हातातले गुण कमी होतात, हा उघड फायदा. आत दडलेला फायदा मोठा आहे. ज्याच्या संचाला दुसऱ्याने पान जोडले त्याला आपल्या पुढच्या पाळीला डाव संपवण्याचे आव्हान देता येत नाही. म्हणजे जोडलेले पान ही मदत नसते, ते टाळे असते. कोणाच्या संचाला जोडायचे हे ठरवताना चांगला खेळाडू आपल्या गुणांपेक्षा, दोघांपैकी आव्हानाच्या जवळ कोण आहे, हे पाहतो.

दुसरी गोष्ट ते आव्हान. आपल्या हातात कमी गुण उरले आहेत असे वाटले तर पाळीच्या सुरुवातीला खेळाडू डाव थांबवण्याची घोषणा करतो. उरलेल्या दोघांनी एकतर माघार घ्यायची किंवा सामना स्वीकारायचा. सामना स्वीकारून हरले तर जास्त द्यावे लागते. ज्याने एकही संच मांडलेला नाही तो जळालाच. त्याला सामनाही स्वीकारता येत नाही. आता पेच असा. आव्हान देणाऱ्याकडे खरोखर पाच-सात गुण आहेत की पंधरा गुणांवर तो दडपून बोलतो आहे? दोघांपैकी एकाने माघार घेतली तर दुसऱ्याचा धीर सुटतो, आणि नेमके याच क्षणी दोघांच्या हिताची फारकत होते. दोघांनीही सामना स्वीकारला तर फुशारकी उघडी पडण्याची शक्यता जास्त, पण पहिला कोण उभा राहणार? प्रत्येक जण दुसऱ्याने ती जोखीम घ्यावी अशी वाट पाहतो. तिघांच्या डावात एकट्याची दादागिरी चालते ती याच फटीतून.

संच मांडावा की दडवावा, हा प्रश्नही सरळ नाही. दडवला तर हातात काय आहे हे कोणाला कळत नाही आणि कोणी पान जोडून टाळे लावू शकत नाही; पण आव्हान आले तर जळण्याची भीती. मांडला तर जळणे टळते, पण आपला पत्ता उघड होतो. व्यवहारात मध्यम मार्ग चालतो: लहानसा, सहसा कोणाला पान जोडता येणार नाही असा एक संच मांडायचा आणि मोठा हातात ठेवायचा. एक्का-दुर्री-तिर्रीची ओळ यासाठी बरी, कारण ती वरच्या एकाच टोकाने वाढते.

पैसा आणि नशीब

टाँगिट्स बहुधा पैसे लावून खेळतात. गोव्यात आणि कोकणात चवथीच्या दिवसांत रात्री जागवण्यासाठी पत्त्यांचे डाव बसतात, त्यांतही थोडेफार पैसे फिरतात. पैशाने डावाचे गणित बदलत नाही, माणूस बदलतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले की तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला जास्त बोचते. पत्त्यांच्या फडावर याचा एक ठरलेला परिणाम दिसतो: जिंकणारा आखडून खेळू लागतो, हरणारा भरून काढण्यासाठी बेफाम. तिघांच्या डावात दोघांनी हरणाऱ्याकडे बघून आपला खेळ ठरवला तर त्याची सुटका नसते. चार डाव वाईट पाने आली म्हणून पाचव्याला चांगली येतील, ही समजूतही तितकीच जुनी आणि तितकीच खोटी. नीट पिसलेल्या पानांना मागचा डाव आठवत नाही.

कौशल्य किती आणि नशीब किती, हा वाद न्यायालयातही गेला. आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले की रमीत गेलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे; तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नाही. ऑनलाइन खेळांपुरता हा भेद संसदेने २०२५ च्या कायद्याने बाजूला ठेवला: खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, ऑनलाइन पैसे लावून खेळवण्यावर बंदी आली. खेळाच्या दृष्टीने १९६७ चा निकष अधिक मोलाचा आहे. जिथे स्मरणशक्तीला वाव आहे तिथे कौशल्य आहे. आणि स्मरणशक्तीची सर्वांत कडक परीक्षा घेणारा खेळ या मुलखातच तयार होत असे.

गंजिफा

पेडणे तालुक्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की तेरेखोल नदीच्या मुखापलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. तो सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. पेडणे महाल त्यानंतरही भोसल्यांकडेच होता आणि १७८८ मध्ये तो गोव्याला जोडला गेला. तोवर केरीचा राजदरबार म्हणजे सावंतवाडीचा दरबार, आणि हा दरबार गंजिफांचा आश्रयदाता. संस्थानातले चितारी लोक ही गोल पाने हाताने रंगवत, चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करत आणि लाखेची झिलई चढवत.

खेळ मूळचा इराणी वळणाचा आणि मोगलांबरोबर भारतात आलेला. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फज्लने अकबराच्या दरबारातल्या पानांचे वर्णन केले आहे. मोगल गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. दक्षिणेत आणि कोकणात तिला दशावतारांचा साज चढला: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. दर रंगात राजा, त्याखाली प्रधान आणि मग एक ते दहा अंकांची पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. तिघांना चाळीस-चाळीस पाने येतात.

खरी मेख पानांच्या मोठे-लहानपणात आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन या पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा आणि एक सर्वांत लहान. परशुराम ते कल्की या पाच रंगांत उलटे: प्रधानाखाली एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. युरोपातल्या जुन्या खेळांतही अशी उलटापालट होती. सतराव्या शतकात स्पेनमधून पसरलेल्या ‘ओंब्रे’ या खेळात लाल रंगांचा क्रम उलटा चाले, आणि योगायोग असा की तोही तिघांचाच खेळ.

उलट्या क्रमाचा परिणाम नवख्यावर लगेच दिसतो. दुसऱ्याच्या अव्वल पानावर आपले हलके पान टाकताना हात आपोआप एक ठिपक्याच्या पानाकडे जातो. मत्स्याचा एक टाकला तर ठीक; रामाचा एक टाकला तर राजा-प्रधानाखालचे तिसरे पान गेले. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ साली रंगांच्या नावांवर केलेला प्रसिद्ध प्रयोग हाच अडथळा दाखवतो: ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिला असेल तर शाईचा रंग सांगायला माणूस अडखळतो, कारण वाचण्याची सवय मध्ये येते. गंजिफात ‘दहा म्हणजे मोठे’ ही सवय मध्ये येते. सवय मोडायला फक्त सराव लागतो, हुशारीचा इथे फारसा उपयोग नाही.

खेळात हुकमाचा रंग नसतो. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतारी सुरू करायची. उतारी करणारा शक्यतो अशी पाने उतरतो जी त्या क्षणी आपापल्या रंगात सर्वांत मोठी उरलेली आहेत. त्यावर उरलेले दोघे नको असलेले कुठलेही पान टाकतात. त्याच रंगाचे टाकण्याची सक्ती नाही. राजा पडला की प्रधान अव्वल होतो, प्रधान पडला की पुढचे. म्हणजे प्रत्येक क्षणी खेळाडूला दहाही रंगांतले ‘सध्याचे मोठे’ पान कोणते, हे माहीत असावे लागते. आपल्या हातातले दहाचे पान अव्वल झाले आहे हे कळलेच नाही, तर ते पान असून नसल्यासारखे.

जॉर्ज मिलरने १९५६ साली लिहिले की अल्पकालीन स्मरणात सुटे घटक साधारण सातच्या आसपास मावतात, दोन इकडे-तिकडे. दहा रंग या मर्यादेच्या बाहेर जातात. मग लोक खेळत कसे? उत्तर विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेल्या अभ्यासात सापडते. निष्णात खेळाडू सुटी सोंगटी लक्षात ठेवत नाही, ओळखीच्या जुळण्या लक्षात ठेवतो. गंजिफात ही जुळणी आयती मिळते. मत्स्यापासून कल्कीपर्यंतचा क्रम या भागात पोथी-कीर्तनातून तोंडपाठ असतो. हातातली पाने त्याच क्रमाने लावली, सुलट पाच रंग आणि उलट पाच रंग अशी दोन दले केली, की दहा सुट्या गोष्टींच्या जागी पाच-पाचच्या दोन माळा उरतात. प्रत्येक अवताराच्या पानाची जमीन वेगळ्या रंगाने रंगवलेली असते, तीही याच कामी येते.

चाळीस पानांत सरासरी तीनेक राजे येतात. एकही राजा न येणे फार दुर्मीळ, शंभर वाटपांत एक-दीड वेळा. त्यामुळे केवळ पाने वाईट आली म्हणून हरण्याचे निमित्त गंजिफात पाच-तीन-दोनच्या मानाने कमी चालते. ठरवून खेळण्याची जागा आहे ती प्रधानाची. प्रधान आपल्याकडे आणि राजा बाहेर असेल तर त्याच रंगाचे हलके पान उतरून राजा ओढून काढायचा. एक हात जातो, उतारीही जाते, पण प्रधान अव्वल होतो. यासाठी त्या रंगाचे हलके पान हातात राखून ठेवलेले असावे लागते. दुसऱ्यांच्या उतारीवर ‘काय करायचे आहे’ म्हणून बारीक मासे आधीच फेकून बसलेला खेळाडू पुढे मत्स्याचा प्रधान हातात धरून अडकतो. कोणती टाकाऊ पाने खरोखर टाकाऊ आहेत हे ठरवणे, हा या खेळातला सर्वांत अवघड निर्णय आहे.

युतीचा खेळही इथे आहे, पण मंद. राजा ओढताना उतारी कोणाकडे जाणार हे ओढणाऱ्याला नक्की माहीत नसते. ज्याच्याकडून एखाद्या रंगाची हलकी पाने भराभर पडत आहेत त्याच्याकडे त्या रंगात जपण्यासारखे काही नसावे, एवढाच अंदाज. मग राजा दुसऱ्याकडे धरायचा आणि ती उतारी त्याच्याकडे जाणे आपल्याला परवडेल का, याचा विचार करायचा. पुढे असलेल्याकडे ती जाणार असेल तर थांबलेले बरे.

सावंतवाडीत विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांची कार्यशाळा सुरू केली आणि गंजिफा पुन्हा रंगू लागल्या. आज तिथले जोड विकले जातात ते बहुतांशी भेट देण्यासाठी आणि चौकटीत लावण्यासाठी. चित्र वाचले, डाव मागे पडला. हे अर्धेच संवर्धन म्हणावे लागेल, कारण पानाचा अर्थ ते कोणत्या पानावर पडते यात असतो.

डाव शिकायला मात्र रंगवलेल्या जोडाची गरज नाही. साध्या पत्त्यांतून चारही गुलाम काढून टाकावेत आणि राणीला प्रधान मानावे. इस्पिक आणि किल्वरमध्ये दहा मोठा धरावा, बदाम आणि चौकटमध्ये एक्का. दिवसा बदामच्या राजाने आणि रात्री इस्पिकच्या राजाने सुरुवात करावी. उरलेली ४८ पाने तिघांत १६-१६ अशी बरोबर बसतात, आणि चार रंगांत क्रम चुकेनासा झाला की दहा रंगांकडे जाता येते.